चष्मा, कपाट आणि कित्तूरची नळी

टिळकवाडीकर: "आभासी दृश्ये दाखवणारा (व्हीआर) चष्मा लावला की घरबसल्या पॅरिसचे लूव्र संग्रहालय दिसते, मग उन्हातान्हात संग्रहालये पाहायला जाणार कोण?" हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. खुद्द लूव्रनेच २०१९ मध्ये लिओनार्दोच्या प्रदर्शनात मोनालिसाचा आभासी अनुभव ठेवला होता, तो काही लोकांनी घरी बसावे म्हणून नव्हे. ७७ बाय ५३ सेंटिमीटरचे ते चित्र गर्दीतून आणि काचेआडून कितीसे दिसणार? माझ्या भाच्याने पुण्यात चष्म्यातून इजिप्तची कबर पाहिली आणि परतताच विचारले, "मामा, आपल्याकडे असे काय आहे?" त्याला बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चेन्नम्माच्या किल्ल्यात नेले. पडक्या राजवाड्यात ध्रुवतारा पाहण्यासाठी बसवलेल्या नळीला तो भर दुपारी डोळा लावून उभा राहिला आणि हलेचना.

खानापूरकर: आपला भाचा अपवाद आहे. एका संग्रहालयात तलवारींचे कपाट पाहून माझी मुलगी "एवढेच?" म्हणाली, कारण चष्म्यातली तलवार फिरते आणि कपाटातली जागची हलत नाही. शिवाय तिथे फलक फक्त कन्नड आणि इंग्रजीत होते, त्यामुळे प्रत्येक कपाटापाशी थांबून मी आईला मराठीत अर्थ सांगत होतो, तिसऱ्या दालनात तीच म्हणाली, "पुरे, बाहेर बसते."

निपाणीकर: आले, फलक आलेच! इंग्रजांविरुद्धच्या १८२४ च्या कित्तूरच्या लढ्याची माहिती कन्नडमध्ये लिहिली तर बिघडले काय? जन्म इथे काढून कन्नड वाचता येत नसेल, तर दोष फलकाचा कसा?

खानापूरकर: मला कन्नड येते, आईला येत नाही, तिची शाळा चौथीपर्यंत आणि तीही मराठी. तिचा दोष काढायचा असेल, तर आपले बोलणे इथेच संपले.

टिळकवाडीकर: फलकावर तिसऱ्या भाषेला जागा नसते, चष्म्यात मात्र दहा भाषांचे निवेदन मावते. आईंना ते मराठीतून ऐकता येईल.

निपाणीकर: म्हणजे आता म्हातारीच्या डोक्यावर चष्मा! माझ्या सासूबाईंना तो लावल्यावर दोन मिनिटांत घेरी आली. डोळ्यांना आपण चालतो आहोत असे दिसते, पण कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीत आहोत. त्यापेक्षा कानाला लावायचे साधे यंत्र द्या, मराठीतूनसुद्धा; माझी हरकत नाही, फलक तेवढा कन्नडच राहू द्या.

खानापूरकर: एवढी उदारता पुरेशी आहे, आभारी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला ती नळी दाखवीन. मात्र टिळकवाडीकरांनी एक ध्यानात ठेवावे, भाचा खिळून राहिला तो उघड्यावरच्या भग्न भिंतीपाशी. तिथल्या संग्रहालयाच्या कपाटांपुढे तो किती वेळ थांबला, हे त्यांनी अजून सांगितलेले नाही.