विजयदुर्ग: गोदी पाहायची तर ओहोटी साधा
या चर्चेत एका सदस्यांनी म्हटले आहे की विजयदुर्गला किल्ला दोन तासांत पाहून होतो, मुक्कामाची गरज नाही. किल्ल्यापुरते ते खरे असेल, पण गावाच्या बाबतीत हे मत मला पटत नाही. वाघोटन खाडीच्या काठी मराठा आरमाराची, कातळ खोदून केलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि पाणी ओसरले की दुरुस्ती करायची, ही तिची रीत केवळ ओहोटीच्या वेळी नीट समजते. भरतीला गेलात तर खाडीचे पाणी तेवढे दिसेल.

ओहोटीची वेळ काढण्याची कोळी बांधवांची पद्धत आम्हाला घरगुती निवासाच्या मालकीणबाईंनी अंगणातच शिकवली. पक्षातील तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, म्हणून ओहोटी बाराच्या आसपास. त्यांनी दिनदर्शिका पाहून आमचे जेवण उशिरा ठेवले आणि आधी गोदीकडे धाडले. परतल्यावर तांदळाची गरम भाकरी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी पानात होती. मासळी मात्र त्या दिवशी बंदरावर जी येईल तीच मिळते. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ठरावीक माशाचा आग्रह धरू नये. जवळच्या गिर्ये गावातील रामेश्वर मंदिरही सोडू नका, मराठा आरमाराचे प्रमुख संभाजी आंग्रे यांची समाधी तेथेच आहे.