मदत हवी आहे: डोळ्यामागे लाल खूण असलेलं कासव कोणत्या जातीचं?

घरातलं कासव साडेसहा सेंटीमीटर लांब आहे. विकणाऱ्याने ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणून दिलं. डोळ्यामागे लालसर खूण आणि मानेवर बारीक पिवळ्या रेघा आहेत, पण पाठ मधोमध उंच आहे आणि तिथे नारिंगी पट्टा दिसतो. हे स्लायडरच आहे का? खात्री कशी करायची?

प्रतिसाद १
लाल खुणेवरून ठरवू नका. अमेरिकेतला स्लायडर आणि आपलं पंगशुरा टेक्टा (छपरासारख्या उंच पाठीचं भारतीय कासव), दोघांनाही ती असते. स्लायडरची खूण म्हणजे डोळ्यामागून मानेकडे सरळ गेलेला पट्टा. टेक्टाची चंद्रकोरीसारखी, डोक्यावर वळलेली. स्लायडरच्या म्हाताऱ्या नरांचा रंग काळवंडतो आणि पट्टाही दिसेनासा होतो.

पाठीच्या मधल्या ओळीतले पाच खवले डोक्याकडून मोजा. टेक्टाच्या तिसऱ्या खवल्याचं मागचं टोक काट्यासारखं वर आलेलं असतं. चौथा खवला लांबट, पुढे बाटलीच्या गळ्यासारखा निमुळता. स्लायडरची पाठ बसकी, तिथे असा काटा नसतो.

मग पोट बघा. पिवळ्या पोटावर प्रत्येक खवल्यात एकेक मोठा गडद डाग असेल तर स्लायडर. प्रत्येक खवल्यात छोटे काळे ठिपके दोन-चार असतील तर टेक्टा. बोटांमधला पडदा दोघांनाही असतो, त्यामुळे त्यावरून एवढंच कळतं की हे जमिनीवरचं स्टार कासव नव्हे.

प्रतिसाद २
आधी शेवाळ मऊ टूथब्रशने नुसत्या पाण्याने काढा, नाहीतर ठिपके लपतात. पुढच्या-मागच्या पायांमध्ये कवच दोन्ही हातांनी धरा, खाली टॉवेल ठेवा. नखं लागली की हात सुटतो. पोटाचा फोटो झटपट काढून लगेच सुलटं करा. नंतर हात साबणाने धुवा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

धागाकर्ता
तिसऱ्या खवल्यावर काटा आहे. पोटावर प्रत्येक खवल्यात दोन-तीन ठिपके.

प्रतिसाद १
मग पंगशुरा टेक्टाच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरी ठेवणं गुन्हा. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर आजच कळवा. तोपर्यंत स्वच्छ पाणी, चढून बसायला कोरडी वीट, सकाळचं ऊन आणि अर्धी सावली द्या. जवळच्या तळ्यात मात्र सोडू नका: ते गंगा-ब्रह्मपुत्रेकडच्या नद्यांतलं आहे, आणि टाकीतला आजार तळ्यातल्या कासवांना लागू शकतो.