परळात पाणी, ताटलीत दाणा: मराठवाड्यातल्या अंगणातली पाखरं (अनुभव धागा)

चैत्र लागला की आपल्याकडं दारोदार परळ, म्हणजे मातीची उथळ पसरट भांडी, दिसू लागतात. 20 मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला शाळांतून घरटी वाटली जातात, फोटो निघतात आणि मे उजाडेपर्यंत त्यातले बरेचसे परळ कोरडे पडतात. म्हणून या धाग्यावर फोटो नकोत, अनुभव हवेत. काय ठेवलं, कोण आलं, कोण फिरकलंच नाही, शेजाऱ्यांशी काय झालं, सगळं लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकते. 42-43 अंशांच्या उन्हात दाण्यापेक्षा पाणी मोठं. दाण्याला येणारे ठरलेले, चिमण्या, होले, पारवे (कबुतरं). पाण्याला मात्र कोणीही येतं. परभणीत माझ्या परसात दाण्याकडं ढुंकूनही न बघणारे दयाळ, बुलबुल आणि सातभाईंची अख्खी टोळी दुपारी परळावर हजर असते. एकदा शिक्रा हा शिकारी पक्षीही आला होता, तेव्हा बाकीच्यांनी लिंबाच्या झाडात दडून जो गप्प बसायचा कार्यक्रम केला तो बघण्यासारखा होता. परळ उथळ हवा, पाणी दोन बोटं, मधे एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलायचं आणि दर चार-पाच दिवसांनी काथ्यानं घासायचं, नाहीतर शेवाळही धरतं आणि डासांच्या अळ्याही होतात. आता तुम्ही बोला.

लातूर
ताई, पाण्याचा विषय निघाला की आम्हाला 2016 आठवतं. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा. गल्लीत टँकर आला की घागरींची रांग, आणि रांगेत भांडणं. सासूबाईंनी नियम घातला होता: भाजी धुतलेलं पाणी झाडाला आणि पिण्याच्या हंड्यातला एक तांब्या परळाला. मी कुरकुर केली तर म्हणाल्या, "ती पाखरं टँकरला नंबर लावणारेत का?" साळुंक्या मात्र त्यात डुंबून निम्मं पाणी सांडायच्या, मग त्याच सासूबाई काठी घेऊन मागं धावायच्या. पुण्य करायचं पण उधळपट्टी नाही, असा त्यांचा हिशेब.

नांदेड
आमचा अनुभव गोड नाही. इमारतीत वरच्या मजल्यावरचे एक काका गच्चीत रोज ज्वारी ओततात. टाकत नाहीत, ओततात. चिमणी एकही नाही, नुसते पारवे. खिडक्यांच्या पट्ट्या, एसीची डबडी, जिन्याचे कोपरे, सगळीकडं घाण. शेजारच्या काकूंना दम्यासारखा त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न पारव्यांचाच विचारला. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेली की काही जणांच्या फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येते म्हणे. 2025 मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यात आले, त्या बातम्या आम्ही सोसायटीच्या बैठकीत दाखवल्या. काका म्हणाले, "मुंबईचं मुंबईला." आता आमचं बोलणं बंद आहे. ओतणं चालू आहे.

परभणी (धागाकर्ती)
काकांना एकदम "बंद करा" म्हणू नका, दाणा घालायची पद्धत बदलायला सांगून बघा. दीड इंच चौकोनी भोकांच्या जाळीचा बंद पिंजरा टांगा आणि ताटली आत, मधोमध ठेवा. चिमणी सहज शिरते, पारव्याला जमत नाही. दाणा मूठभरच, तासाभरात संपेल एवढा. ज्वारीऐवजी बाजरी किंवा राळा घातला तर आणखी बरं, चिमण्या तो आधी संपवतात.

गेवराई, जि. बीड
तुम्ही शहरातले लोक विकत आणून दाणा घालता, आणि आमच्या घरची बायामाणसं जानेवारीत माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवायलेत! ज्वारी दाण्यात आली की भोरड्या येतात. गुलाबी मैना म्हणतात पुस्तकात. मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळा तापला की जातात. थवा बसला की कणीस रिकामंच. लहानपणी गोफण फिरवायचो, आता हात दुखतो.

पण एक सांगतो. सोयाबीन आलं आणि ज्वारी घरापुरती उरली. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी, तेव्हा पाखरांनी खाल्लेलं कळायचंही नाही. आता जो एखादा पेरतो त्याच्याच तुकड्यावर गावभरची पाखरं तुटून पडतात. मग तो पुढच्या साली पेरतच नाही. त्यात दोष भोरड्यांचा कसा म्हणू? नाकतोडे आणि अळ्याही त्याच वेचतात. बांधाकडच्या पिकाच्या दोन ओळींवर आम्ही गोफण मारत नाही, ते त्यांचं. काढणी झाली की कणसांची एक जुडी ढाळजेत (दाराजवळच्या ओसरीत) टांगतो, आजोबांपासूनची रीत आहे. तिला चिमण्या उलट्या लटकून खातात. तुमच्या प्लास्टिकच्या फिडरपेक्षा बरं दिसतं.

छत्रपती संभाजीनगर
शिंजिरासाठी (फुलातला मध पिणारा छोटा पक्षी) साखरपाण्याची बाटली टांगू का? दुकानात मिळते.

लातूर
नका टांगू हो. आपल्या उन्हात लवकर आंबतं आणि मुंग्या लागतात. जास्वंद किंवा हमेलिया लावा. आमच्या हमेलियाला वर्षभर फुलं असतात आणि शिंजीर सकाळ-संध्याकाळ असतोच.

उदगीर
जानेवारी 2025 मध्ये आमच्याकडं कावळे पटापट मरून पडू लागले. आधी सगळ्यांना वाटलं, कुणी विष घातलं. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. मी रोज गच्चीवर पोळीचे तुकडे टाकायचो, ते त्याच दिवशी थांबवलं. ताटल्या, परळ उचलून धुतले आणि उन्हात वाळवून माळ्यावर टाकले. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही, पशुसंवर्धनवाल्यांना कळवायचं, एवढं आता गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. साथ ओसरल्यावर परत सुरू केलं, पण एकाच ताटलीत ढीग घालत नाही. एका जागी गर्दी झाली की विष्ठा दाण्यातच पडते आणि आजार तिथूनच पसरतो. थोडं इथं, थोडं तिथं. शिळी खारी शेव, चिवडा वगैरे टाकणाऱ्यांनाही हात जोडून सांगतो, ते मीठ-मसाल्याचं पाखरांच्या कामाचं नाही.

धाराशिव
आमचं माळवदाचं (लाकूड-मातीच्या छताचं) घर होतं तोवर चिमण्यांना घरटं द्यावं लागलं नाही. लाकडांच्या खाचांत त्यांचं खानदान नांदायचं आणि जेवताना वरून काड्या ताटात पडायच्या. स्लॅब पडला आणि त्यांची सोय गेली. मुलानं लाकडी खोके लावलेत. भोक सव्वा ते दीड इंच ठेवा, मोठं केलंत की साळुंकी कब्जा घेते.

गंमत म्हणजे विकतच्या दाण्याइतकाच चिमण्यांना आमचा कुलर प्रिय आहे. मागं ठिबकणारं पाणी पितात आणि जाळीतनं गवत उपसून घरट्याला नेतात. दर उन्हाळ्यात नवं गवत भरावं लागतं. बायको म्हणते, कुलर माणसांसाठी घेतला होता.

अजून एक, पिल्लं दाण्यावर जगत नाहीत. सुरुवातीचे दिवस त्यांना अळ्या आणि किडेच लागतात. त्यामुळं बागेत फवारणी करायची आणि शेजारी बाजरीची ताटली ठेवायची, याला काही अर्थ नाही. झाडाखालचा पालापाचोळाही सगळा झाडू नका, सातभाई त्यातच चरतात.

हिंगोली
पाऊस सुरू झाला की दाणा चालू ठेवायचा का बंद करायचा? आमच्याकडं भिजून बुरशी येते. शिवाय मांजर बोगनवेलीत दबा धरून बसतंय.

परभणी (धागाकर्ती)
दादा, मृगात दाणा बंदच करा. बाहेर किडे आणि गवताचं बी भरपूर असतं. बुरशीचा दाणा घालण्यापेक्षा ताटली रिकामी बरी. परळ मात्र ठेवा, आपल्याकडं पाऊस ओढ देतोच. आणि परळ बोगनवेलीपासून चार-पाच पावलं मोकळ्या जागेत सरकवा, म्हणजे मांजर येताना दिसेल. सरकवल्यावर काय झालं ते इथं लिहा. नांदेडकरांनो, तुम्हीही. काकांनी पिंजरा टांगला का?