खिशात मावतं म्हणून रिव्हॉल्वर घेऊ नका

माजी सैनिक, भुसावळ
परवा इथे एका सराफ बांधवाने लिहिलं होतं: ‘सोन्याची ने-आण करणाऱ्या प्रत्येकाने कानपूरच्या कारखान्यातलं हलकं .32 बोअरचं रिव्हॉल्वर घ्यावं. खिशात मावतं, शिकण्यासारखं त्यात काही नाही, चाप ओढला की काम झालं.’ खाली सगळ्यांनी अंगठे दिले. ‘शिकण्यासारखं काही नाही’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

छोटं रिव्हॉल्वर हे चालवायला सगळ्यात अवघड हत्यार आहे. 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर आलं, वजन 500 ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मग इशापूरचं .22 चं ‘निडर’ आलं, ते तर 250 ग्रॅम. सगळी जाहिरात वजनाची. चापाबद्दल कोणी बोलत नाही. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, आधी न चढवता चाप ओढायचा तर लागणारा जोर त्या बंदुकीच्या स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. मग बोट चाप ओढतं आणि सोबत अख्खी बंदूक खाली झुकते. नळी 3 इंची, त्यामुळे नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं, म्हणजे साईटमधलं, अंतर जेमतेम. साईट दोन-तीन मिलिमीटर हलली तरी 10 मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते. हे पेपरच्या टार्गेटवर, शांत डोक्याने. समोर कोयता असताना काय होईल ते तुम्हीच ठरवा.

सहा गोळ्या संपल्या की पुढे काय? आपलं जुनं कानपुरी रिव्हॉल्वर मधून मोडून एकेक काडतूस भरावं लागतं. घाबरलेल्या हातांनी, अंधारात, ते होत नाही. मी चांगल्या जवानांच्या हातून काडतुसं जमिनीवर पडताना पाहिली आहेत.

सराफ, जळगाव
ते लिहिणारा मीच. साहेब, तुमच्या वर्दीचा मान ठेवून सांगतो, तुम्ही गोळीबाराच्या रेंजवरचं बोलताय आणि मी रस्त्यावरचं.

मे महिन्यात जळगावात पारा 45 ला टेकतो. अंगात सुती सदरा. त्यात मोठं पिस्तूल लपवून दाखवा. नियमाप्रमाणे हत्यार झाकूनच न्यायचं असतं. मोठं पिस्तूल माझ्याकडेही होतं, ते वर्षभर तिजोरीतच पडून राहिलं. तिजोरीतल्या पिस्तुलाने रस्त्यावर माझं रक्षण कसं होणार?

दुसरं, काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस आपोआप समोर येतं. पिस्तुलात ते अडकलेलं काढायला दोन हात लागतात, आणि माझा एक हात बॅगेवर असतो. पिस्तुलाची नळी कोणाच्या अंगाला टेकली तर स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ढकलली जाऊन ते न सुटण्याची भीती असते. रिव्हॉल्वरला ही भानगड नाही.

एरंडोलच्या पुढे हायवेवर दोन मोटारसायकली बराच वेळ आमच्या गाडीला लागल्या होत्या. एक जण खिडकीला हात घालण्याइतका जवळ आला. मी रिव्हॉल्वर फक्त मांडीवर काढून ठेवलं. ते मागे फिरले. गोळी सुटली नाही, साईटही पाहिली नाही. तुमचे 10 मीटर मला आयुष्यात लागले नाहीत, आमच्याकडे येणारा हातभरावर येतो.

वकीलताई, धुळे
भाऊ, ते मागे फिरले हे तुमचं नशीब. नसते फिरले तर पुढचा प्रश्न माझ्या टेबलावर आला असता. स्वसंरक्षणाचा अधिकार आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. 38 प्रमाणे जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. मालमत्तेसाठी 41 पाहा: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, असे मोजके प्रसंग. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते संरक्षण टिकणं फार अवघड आहे. 37 सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. गोळी चुकून शेजारच्या टपरीवरच्या माणसाला लागली तर? म्हणून नेम हा कायद्याचाही प्रश्न आहे. या मुद्द्यावर मी फौजी काकांच्या बाजूने आहे.

केळीवाला, रावेर
तुम्हा सगळ्यांचं सोन्याचं चाललंय. आमचं काय? आमच्या पट्ट्यात बिबट्या केळीत राहतो, आणि मोटार चालू करायला आम्हाला रात्री जावं लागतं, कारण एक आठवडा दिवसाची लाईट, दुसरा आठवडा रात्रीची. मी परवान्याचा अर्ज याच कारणासाठी केला होता. कार्यालयात विचारलं, ‘तुम्हाला धमकी कोणाची आहे?’ बिबट्या धमकीचं पत्र देत नाही.

माजी सैनिक, भुसावळ
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण .32 घेऊन बिबट्यासमोर जाऊ नका, हात जोडून सांगतो. शिशाची छोटी, संथ गोळी आहे ती. बिबट्या मरणार नाही, जखमी होईल, आणि जखमी बिबट्या केळीच्या बागेत लपला की दुसऱ्या दिवशी घड कापायला येणाऱ्या मजुरांचं काय? बॅटरी, काठी, दोघं-तिघं मिळून जाणं, मोबाईलवर गाणं, हे .32 पेक्षा जास्त कामाचं आहे.

वकीलताई, धुळे
1972 च्या वन्यजीव कायद्यात कलम 11 खाली जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर गुन्हा नाही. पण तसं होतं हे सांगावं लागतं, आणि बिबट्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे.

केळीवाला, रावेर
म्हणजे बंदूक नको, कायदा आहे, काठी घ्या. मग दिवसा लाईट द्या ना! कोणीच त्याच्यावर बोलत नाही. रात्री लाईट आल्यावर माणूस जातो, साप चावतो, बिबट्या धरतो, शॉक लागतो, आणि सकाळी पंचनामा होतो. मूळ रोग तिथे आहे.

कापूस उत्पादक, शिरपूर
रावेरवाल्या भाऊंशी शंभर टक्के सहमत. रातले बिबट्या दिसना का हातपाय कापतस भो, रिव्हॉल्वर काय करी? दिवसाची लाईट हेच खरं हत्यार.

सौरपंपधारक, चोपडा
मी सौर पंप घेतला. दिवसा पाणी भरतो, रात्री घरी झोपतो. ज्याला जमेल त्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज टाकावा.

केळीवाला, रावेर
पावसाळ्यात ढग आले की तुमचा पंप किती पाणी ओढतो ते सांगा. केळीला पाण्याचा खंड चालत नाही. आणि आमचं पाणी इतकं खोल गेलंय की छोट्या पंपाने वर येत नाही. ज्याच्या विहिरीला वर पाणी आहे त्याने आम्हाला शिकवू नये.

सौरपंपधारक, चोपडा
शिकवत नाही, माझा अनुभव सांगितला. चिडायचं कारण नाही. ढगाळ दिवशी कमी ओढतो, ते मान्य. पण रात्रीच्या पाळीत माझा चुलतभाऊ विहिरीवर शॉक लागून गेला, त्यानंतर मी हा निर्णय घेतला.

केळीवाला, रावेर
हे माहीत नव्हतं. वाईट झालं. तरी माझी मागणी तीच: शेतीची वीजवाहिनी, म्हणजे फीडर, सौर करा, वर्षभर दिवसा लाईट द्या. 2023 पासून सौर कृषी वाहिनीची 2.0 योजना ऐकतोय, माझ्या डीपीवर अजून रात्रपाळी आहे.

सराफ, जळगाव
धागा रिव्हॉल्वरचा आहे. विजेसाठी वेगळा काढा.

केळीवाला, रावेर
तुमच्या बॅगेतलं सोनं महत्त्वाचं, आमचा जीव विषयांतर?

व्यापारी, अमळनेर
भांडू नका. मला परवान्याचंच सांगायचंय. फाईल फिरून फिरून माणूस थकतो. म्हणूनच पोरं मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमर्टीच्या बाजूने गावठी कट्टा आणतात.

माजी सैनिक, भुसावळ
ते वाक्य इथे सोडू नका. फाईल थकवते हे कारण असेल, पण त्याने कट्टा योग्य होत नाही. पाईपाची नळी, दाबाची कसली चाचणी नाही, हातात फुटतो. बोटं गेलेला माणूस मी पाहिला आहे.

वकीलताई, धुळे
आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान 2 वर्षं, कमाल 5. पोरांच्या नोकरीचा, पासपोर्टचा सगळा विषय संपतो. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली.

सराफ, जळगाव
आमचं तर दर निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगतात. छाननी समिती प्रत्येकाचं वेगळं पाहते असं कागदावर आहे, आमच्याकडे सरसकट नोटीस येते. लग्नसराई आणि आचारसंहिता एकत्र आली की सगळ्यात जास्त माल फिरतो तेव्हाच आम्ही मोकळ्या हाताने. तेव्हा रिव्हॉल्वर की पिस्तूल हा प्रश्नच उरत नाही.

माजी सैनिक, भुसावळ
ही तक्रार रास्त आहे. आता मूळ मुद्द्यावर. तुम्ही म्हणता हातभरावर येतो. 1983 मध्ये अमेरिकेतल्या टुलर नावाच्या पोलिस प्रशिक्षकाने मांडलं होतं की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. हातभरावर आल्यावर तुमचा हात खिशातच असणार. तुम्ही मांडीवर काढून ठेवलंत, म्हणजे तुम्हाला आधी दिसलं. दर वेळी दिसेल असं नाही. आणि खिशात किल्ल्या, सुटे पैसे, रुमाल यांच्यासोबत रिव्हॉल्वर ठेवत असाल तर ते आजपासून बंद करा. चापावर काहीतरी अडकतं. स्वतंत्र खिसा, आत होल्स्टर, म्हणजे बंदुकीचं कव्हर, दुसरं काही नाही.

एक गोष्ट मी मान्य करतो. ज्याच्या मनगटात स्लाईड मागे ओढायची ताकद नाही, संधिवात आहे, वय झालंय, त्याला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्वर बरं. फुसक्या काडतुसाचा तुमचा मुद्दाही बरोबर आहे, आणि म्हणूनच .22 घेऊ नका, त्याची काठावर पेटणारी काडतुसं फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त. पण तुम्ही धडधाकट आहात. तुम्ही ते फक्त सोयीसाठी निवडलंय.

सराफ, जळगाव
सोयीसाठीच निवडलंय, आणि बदलणार नाही. सराव करत नाही हे मात्र खरं. परवान्यावर वर्षाची काडतुसं मोजून लिहिलेली, ती वाचवून ठेवायची सवय लागते. रेंज जवळ नाही. ‘शिकण्यासारखं काही नाही’ हे तेवढं वाक्य मी काढून टाकतो, बाकी पोस्ट तशीच राहील.

माजी सैनिक, भुसावळ
राहू द्या. काडतुसं वाचवू नका, तीच खर्च करायची असतात. घरी आधी बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासा, खोटी काडतुसं घाला, भिंतीकडे तोंड करून नुसता चाप ओढायचा सराव करा, पुढची साईट हलता कामा नये. मग रेंजवर जा. 10 मीटर नको, 5 मीटरवर उभे राहा. हॅमर न चढवता, एका हाताने, कारण दुसऱ्या हातात तुमची बॅग असणार आहे. सहाच्या सहा जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसल्या तर इथे येऊन लिहा, मी माझा विरोध मागे घेईन. नाही बसल्या तर पुढचा माल तुम्ही एकटे नेऊ नका.