रात्री जागायचं कशाला?
वेबसाइट सांभाळायची म्हणजे रात्री जागणं आणि पाठदुखी आलीच, असं म्हणतात, ते मला काही पटलं नाही बुवा. हौशी साइटची निम्मी कामं क्रॉनच्या, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रामच्या, गळ्यात मारता येतात. साइट सुरक्षित (https) उघडावी म्हणून लेट्स एनक्रिप्ट फुकट प्रमाणपत्र देतं, ते जास्तीत जास्त ९० दिवसांचं. मुदत संपत आली की सर्टबॉट नावाचा प्रोग्राम परस्पर नवं आणतो. बॅकअपचं, म्हणजे साइटच्या राखीव प्रतीचंही तेच. फक्त सर्व्हरचं घड्याळ आधी बघा. ते बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्या पहाटे ३ वाजता बॅकअप हवा असेल तर तिथले आदल्या रात्रीचे साडेनऊ, म्हणजे २१:३०. क्रॉनमध्ये मिनिटं आधी लिहायची, म्हणून आधी ३०, मग २१. आणि तो बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवू नका हो! किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार तो.

वर्डप्रेस या साइट चालवायच्या सॉफ्टवेअरचे प्लगइन, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, मी रविवारी सकाळीच अपडेट करतो. आधी ठाण्यातल्या उपवन तलावाला फेरी, मग चहा, मग काम. उशीर केला तर तिथे गाड्या चुकवण्यातच व्यायाम होतो, तो भाग वेगळा.

डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं. आमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, ही ठाण्याची कृपा. स्क्रीनपुढे पापण्या कमी लवतात, तेव्हा मुद्दाम मिटा.

साइट बंद पडल्याचे अलर्ट मात्र रात्री म्यूट. पाककृतींची साइट सकाळपर्यंत बंद राहिली म्हणून कोणी उपाशी झोपत नाही. आणि साइटवर क्वचितच बदलणारी नुसती पानंच असतील तर वर्डप्रेस हवंच कशाला? साधं एचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या साध्या फाइली ठेवा.