अँटिबायोटिक चालू असताना बाळाला अंगावर पाजू का? प्लीज लवकर सांगा

जाई_माहेरी (रात्री १०.५०)
कुणी जागं असेल तर प्लीज सांगा. आज डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय, दोनदा घेऊन झालं आणि आता मेडिकलवाला म्हणतो की पाच दिवस बाळाला अंगावर पाजू नका, आत्या म्हणते पिळून टाकून दे, आई म्हणते डॉक्टरांनीच दिलंय ना मग पाज. संध्याकाळी ७ पासून पाजलं नाहीये. वाटीभर दूध पिळून मोरीत ओतलं तेव्हा रडूच आलं, इकडे ती स्वतःची मूठ चोखतीये. वाटी-चमच्याने पावडरचं दिलं तर सगळं गालावरून गळ्यात गेलं. दवाखाना बंद झालाय. फक्त हो का नाही एवढं सांगा.

मीरा_नाशिक
हो का नाही कसं सांगणार गं, अँटिबायोटिक म्हणजे काय एकच औषध आहे का? नाव काय? कशासाठी दिलंय? बाळ केवढं आहे?

जाई_माहेरी
ताप आहे म्हणून, १०२. नाव बघून सांगते, आई दिवा लावू देत नाहीये, बाळ आत्ताच डोळा लागून झोपलंय.

कावेरीकाकू
अगं तापात पाजू नकोस, आईचा ताप दुधातून बाळाला लागतो. माझ्या दोन्ही बाळंतपणात आम्ही चार दिवस वरचं दूध दिलं, काही बिघडलं नाही. आणि छातीला कोबीची पानं बांध.

मीरा_नाशिक
काकू, ताप दुधातून लागत नाही हो. उलट आईच्या अंगात आजाराविरुद्ध जे तयार होतं तेच दुधातून बाळाला मिळतं. आणि छातीचं तिने अजून काही म्हटलंच नाहीये.

वर्ध्याचा_बाबा
अँटिबायोटिकचं मला माहीत नाही पण सर्दीच्या गोळीपासून जपा. बायकोला नाक चोंदलं म्हणून मी मेडिकलमधून आणून दिली, दोन दिवसांत दूध निम्म्यावर आलं. नंतर मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यात स्यूडोएफेड्रिन होतं, त्याने दूध कमी होतं. मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

मीरा_नाशिक
दादा, तिला सर्दी नाहीये. जाई, कुठे आहेस?

जाई_माहेरी (रात्री ११.१५)
मोबाईलच्या उजेडात बघितलं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ६२५, दिवसातून दोनदा, ५ दिवस. मुलगी ७ आठवड्यांची आहे, पूर्ण दिवसांची, २.९ किलोची झाली होती, आत्तापर्यंत फक्त अंगावरच. हो छातीसाठीच दिलंय, सांगायचं राहिलं, उजवीकडे वरच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आणि त्यावर लाल चट्टा, हात लावू देत नाही. आता तर सगळी छातीच दगडासारखी झालीये.

डी_फार्म
मी स्वतः फार्मासिस्ट आहे म्हणून लिहितो. ताई, हे औषध दूध पाजणाऱ्या आईला देतातच, आणि छातीच्या या दुखण्यासाठीही देतात. आईने घेतलेल्यातलं दुधात उतरतं ते फार थोडं, बाळ आजारी पडलं तर हेच अमॉक्सिसिलिन त्याला थेट पाजतात आणि दुधातून जातं ते त्याच्या एक टक्काही नसतं. पाजा. मेडिकलवाल्याने पाच दिवस पाजू नका म्हणणं चूक आहे, आणि या आजारात तर पाजणं अचानक बंद करणं जास्त वाईट, दूध साकळून आत पू होऊ शकतो. फक्त तुम्हाला पेनिसिलिनची ॲलर्जी नाहीये ना?

जाई_माहेरी
नाही. टाक्यांच्या वेळी हेच घेतलं होतं. घेते उठवून.

लीड्सची_मनू
इकडे इंग्लंडमध्ये मला फ्लुक्लॉक्सासिलिन दिलेलं दिवसातून चार वेळा, तेव्हा सुईणीने पहिलं वाक्य हेच सांगितलं की पाजणं थांबवू नको. ज्या बाजूला दुखतं तिकडूनही चालतं, बाळाला काही होत नाही. गरम शेक देऊ नको, बर्फ रुमालात गुंडाळून ठेव.

कावेरीकाकू
बर्फ??? बाळंतिणीला? थंडी भरेल तिला. आमच्याकडे शेक देऊन गाठ चोळून चोळून मोकळी करतात.

लीड्सची_मनू
काकू राग मानू नका, मीही आधी तेच केलं. आईने तेल लावून एवढं चोळलं की रात्री चट्टा दुप्पट झाला. आत सूज असते, चोळलं की ती वाढते. स्तनपानाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये नवीन सूचना काढल्या त्यातही जोरात मसाज नको आणि थंड ठेवा असंच आहे. आणि पंप लावून सगळं रिकामं करत बसू नको, जितकं काढशील तितकं जास्त येतं. बाळ पितं तेवढंच.

कावेरीकाकू
बरं बाई. पाजायच्या आधी थोडा ऊबदार कपडा ठेवला तर पान्हा फुटतो एवढं तरी मान.

लीड्सची_मनू
हो, ते थोडंसं चालेल.

ठाण्याची_रेवा
दूध मोरीत का टाकलं? दान करता येतं ना. आपल्या मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. कमी वजनाच्या बाळांना ते दूध मिळतं.

मीरा_नाशिक
रेवा, छातीला इन्फेक्शन असताना पेढीत दूध घेत नाहीत. आणि ती सांगलीकडे कुठेतरी रात्री साडेअकराला बसलीये.

यशची_मम्मी
बाळगुटी सुरू केली का? दुसऱ्या महिन्यात जायफळ किती वेढे द्यायचे?

मीरा_नाशिक
प्लीज वेगळा धागा काढा. सहा महिने वरचं काही नको, पाणीसुद्धा नको.

जाई_माहेरी (रात्री ११.४०)
पाजलं. पहिली दोन मिनिटं जीव गेला माझा पण मग तिच्या घशाचा गटगट आवाज यायला लागला आणि तिने मूठ सोडली. अजून एक, दुखायची गोळीपण दिलीये, दुपारी ३ ला एक घेतली, आता परत घेऊ का? नाव कळत नाहीये, मेडिकलवाल्याने स्ट्रिप कापून दिली तर नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिलं. माझ्या तुकड्यावर फक्त "सुलाइड १००" आणि खाली पॅरासिटामॉल ३२५ एवढंच आहे.

डी_फार्म
थांबा, ती घेऊ नका. ती निमेसुलाइड दिसतेय. लिव्हरला त्रास होतो म्हणून सरकारने २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला तिच्यावर बंदी घातलीये, आणि दूध पाजणाऱ्या आईलाही ती देत नाहीत. दुपारची एक गेली म्हणून घाबरू नका, आठ-नऊ तास होऊन गेलेत, पण बाळ सुस्त वाटलं, नीट प्यायलं नाही तर लगेच दाखवा. नुसती पॅरासिटामॉल ५०० चालते, ॲसिडिटी-अल्सर नसेल तर जेवून आयबुप्रोफेनही चालते, सुजेला तीच बरी. ॲस्पिरिन नको. डॉक्टरांच्या कागदावर दुखण्यासाठी काय लिहिलंय ते वाचा.

वर्ध्याचा_बाबा
बघा, म्हणूनच म्हणत होतो मेडिकलमधून मनाने गोळी घेऊ नका.

डी_फार्म
दादा, सगळेच तसे नसतात. पण स्ट्रिप कापताना नाव आणि एक्स्पायरी गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहिली पाहिजे, निदान पाकिटावर लिहून द्यावी. एवढं आम्ही केलंच पाहिजे.

जाई_माहेरी
कागदावर फक्त पॅरासिटामॉल लिहिलंय! दुसरी त्याने स्वतःच घातली, "लवकर आराम पडेल" म्हणाला होता. मी कागद बघितलाच नाही, आईने आणून दिली. डॉक्टरांना मेसेज टाकलाय.

मीरा_नाशिक
दोन दिवसांत ताप उतरला नाही किंवा गाठ मऊ होऊन आत पाणी भरल्यासारखी लागली तर सोनोग्राफीला जा, वाट बघू नको. थंडी वाजून हुडहुडी भरली तर त्याच रात्री.

जाई_माहेरी (तिसऱ्या दिवशी)
ताप काल दुपारपासून नाही. चट्टा फिका झालाय, गाठ सुपारीएवढी राहिलीये. डॉक्टरांनी सकाळीच फोन केला, निमेसुलाइड बंद आणि पाजणं चालू असंच त्या म्हणाल्या. आत्याने स्वतःहून बर्फ रुमालात बांधून दिला. फक्त मुलीला कालपासून सहा-सात वेळा पातळ शी होतेय, औषधामुळे का?

डी_फार्म
अँटिबायोटिकने होऊ शकतं. लघवी नेहमीसारखी होत असेल आणि दूध नीट पीत असेल तर बघत राहा. रक्त दिसलं, अंगावर पुरळ आलं किंवा ती मरगळली तर दाखवा. जिभेवर पुसून न जाणारा पांढरा थर येतो का तेही बघा. आणि बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडू नका.

जाई_माहेरी
जीभ स्वच्छ आहे. लघवी आत्ताच माझ्या साडीवर झालीये.

कावेरीकाकू
छान झालं गं. माझ्या सुनेला दाताच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलंय, तिचा मुलगा पाच महिन्यांचा आहे आणि कालपासून तोंड फिरवतोय. ते चालतं का?

डी_फार्म
काकू, किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा? त्याने दुधाला कडवट चव येऊ शकते. कागदाचा फोटो नको, नाव आणि डोस वाचून लिहा.