रिमोट स्टेशनमुळं हॅम रेडिओ बदलतोय का?

गच्चीबंदी: सोसायटी गच्चीवर डायपोल (तारेची साधी अँटेना) लावू देत नाही. लावू दिला तरी एलईडी ड्रायव्हर आणि सोलर इन्व्हर्टरमुळं ४० मीटरच्या बँडवर नॉइज एस-नाइनच्या (सिग्नल-मीटरवरची वरची पातळी) खाली उतरत नाही. हॅमचा, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्याचा, रेडिओ गावच्या घरी ठेवून पुण्यातून इंटरनेटवरून चालवला, तर बिघडलं कुठं? लहरी अँटेनापासून अँटेनापर्यंतच जातात ना.

मोर्सकिल्ली: तुमच्या गावच्या रेडिओबद्दल तक्रार नाही. अमेरिकेत मिनिटांच्या भाड्यानं टॉवरसकट स्टेशन मिळतं. सकाळी मेनमधून युरोप, संध्याकाळी कॅलिफोर्नियातून जपान, आणि दोन्ही एकाच डीएक्ससीसी (किती देशांशी संपर्क झाला याचा पुरस्कार) खात्यात! स्टेशनं एकाच देशात असली की नियमाला चालतं. यात प्रोपगेशनचा (लहरी कधी, कुठवर पोचतात याचा) अभ्यास कुठं राहिला?

गच्चीबंदी: स्पर्धांमध्ये एवढी मोकळीक नाही. सीक्यू वर्ल्डवाइड या जागतिक स्पर्धेला ट्रान्समीटर-रिसीव्हर ५०० मीटर व्यासाच्या वर्तुळात लागतात. पाठवायचं इथून आणि ऐकायचं नेदरलँड्समधल्या ट्वेन्टेच्या वेबएसडीआरवर (ब्राउझरमधून ऐकायचा रिसीव्हर), हे तिथं बाद.

सोल्डरगन: तात्त्विक वाद चालू द्या, पण आधी हे बघा. बऱ्याच फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर सीजीनॅट (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता) असतं, त्यामुळं राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा व्हीपीएन लावा. एफटी-८ (संगणकावरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) साठी डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर गावच्याच संगणकावर चालवा, इथून फक्त स्क्रीन बघा. मग नेटचा उशीर आड येत नाही, घड्याळ तेवढं बरोबर हवं. सीडब्ल्यूचं, म्हणजे मोर्सचं, दुखणं वेगळं. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगात एक डिट (मोर्सचा टिंब) ४८ मिलिसेकंदांचा. नुसतं की-डाउन, की-अप नेटवरून पाठवलं आणि नेट ३०-४० मिलिसेकंद मागंपुढं झालं, की डिट आणि डॅश ओळखू येत नाहीत. म्हणून कीअर (मजकुराचे मोर्स ठोके बनवणारं यंत्र) गावाकडं, इथून मजकूर जातो. साइडटोन (आपलंच मोर्स आपल्याला ऐकू येणारा आवाज) मात्र इथंच तयार करायचा.

सगळ्यात वाईट म्हणजे पीटीटी (बोलताना दाबायचं प्रक्षेपणाचं बटण) दाबलेला असताना लिंक तुटणं. रेडिओचा टाइम-आउट टायमर ३ मिनिटांवर ठेवा (अमेरिकी नियमातही हीच मर्यादा आहे). शिवाय रेडिओला वीज देणाऱ्या १३.८ व्होल्टच्या लाइनवर एसएमएसवर चालणारा रिले हवाच. तोही त्याच वायफायवर टांगला तर नेट गेल्यावर दोन्ही गेले.

राउटरचा अॅडॉप्टर स्वतःच एचएफवर (शॉर्टवेव्ह बँडांवर) कचरा टाकतो. त्याच्या वायरला मिक्स-३१ प्रकारच्या, नॉइज अडवणाऱ्या फेराइट कड्यावर ५-६ वेढे द्या. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो, गावचा पत्ता आधी डब्ल्यूपीसीकडून (केंद्र सरकारचा बिनतारी परवाने देणारा विभाग) नोंदवून घ्या.

मोर्सकिल्ली: बघा, निम्मं काम नेटवर्किंगचंच झालं. आणि आपत्तीत काय? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हॅम भारती प्रसाद यांची रेडिओ मोहीम अंदमानातच होती, म्हणून पोर्ट ब्लेअरहून निरोप निघाले. रिमोटवाल्याच्या हातात तेव्हा ‘कनेक्शन टाइम-आउट’.

गच्चीबंदी: आपत्तीसाठी हँडी (हातातला छोटा रेडिओ) आणि बॅटरी वेगळी ठेवतोच की. रिमोट स्टेशन त्यासाठी नसतंच मुळी.

मोर्सकिल्ली: आणि मे महिन्यातला वळीव? गडगडायला लागल्यावर कॉक्स (अँटेनाची केबल) कोण काढणार?

सोल्डरगन: हे खरं. अँटेना अर्थ करणारा रिले साठलेला स्टॅटिक उतरवतो, पण त्यातली मिलिमीटरची फट विजेला अडवत नाही. ढग यायच्या आधीच घरच्यांना फोन करायचा: अगोदर पॉवर सप्लाय बंद, मग पीएल-२५९ (कॉक्सच्या टोकाचा कनेक्टर) फिरवून काढा आणि टोक खिडकीबाहेर टाका. लॅनची केबलही काढायला सांगा, वीज तिथूनही येते.